पहिली दोनशे किलोमीटरची सायकल राइड: थकल्यानंतरच्या तासाची तयारी

मुळामुठा

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी पळसदेवला पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला एका बंद टपरीच्या बाकावर बसले होते आणि हातातलं केळं मला सोलता येत नव्हतं. बोटं थरथरत होती, सालाचं टोक चिमटीत धरलं की निसटत होतं. सकाळचे दहा वाजून गेले होते. पंढरपूर गाठायचं म्हणून हडपसरहून पहाटे साडेचारला निघालेली. शंभराच्या वर किलोमीटर झाले होते, पाय फारसे दुखत नव्हते, सायकलही ठीक होती. डोक्यात मात्र एकच वाक्य फिरत होतं, मला हे जमणार नाही. सोबतच्या तिघांना मीच पुढे जा म्हटलं, पुण्याकडे निघालेल्या एका रिकाम्या टेम्पोत सायकल टाकली आणि दुपारी घरी आले. पुढचे तीन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

गेल्या डिसेंबरात त्याच रस्त्याने निघाले आणि उजेड असतानाच चंद्रभागेच्या वाळवंटात पोचले. मधल्या वर्षात पायांत फार मोठी ताकद आली असं मला वाटत नाही. थकल्यावर काय करायचं ते मात्र कळलं होतं. घरापासून वीस-तीस किलोमीटरवर, रविवारी सकाळी, पुन्हा पुन्हा करून ते शिकले. पहिल्या लांब राइडची तयारी करणाऱ्यांसाठी ते सगळं इथे लिहून ठेवते.

आधी पळसदेवला नेमकं काय झालं ते. साडेपाच तासांत मी खाल्लं होतं एक केळं आणि चार बिस्किटं. दोन ठिकाणी अर्धा-अर्धा कप चहा. पाणी जेमतेम दीड बाटली. थंडी होती म्हणून तहान लागली नाही, तहान लागली नाही म्हणून प्यायले नाही. भुकेचंही तसंच. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम साखर साठवलेली असते. जोर लावून चालवलं तर ती काही तासांत संपत येते. चरबी भरपूर असली तरी नुसत्या चरबीवर शरीर तो वेग धरू शकत नाही, आणि मेंदूला तर साखरच लागते. त्यामुळे साठा संपत आल्याचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा मनात दिसतं. चिडचिड होते, रडू येतं, 'कशाला आलो' असं वाटायला लागतं. मी त्याला माझ्या स्वभावातली कमजोरी समजले होते. खरं तर पोट रिकामं होतं.

दुसरी चूक वेगाची. पहाटेची थंड हवा, मोकळा रस्ता, ताजे पाय. यवतपर्यंत आम्ही २६-२७ ने जात होतो आणि ते अगदी सहज वाटत होतं. उजाडल्यावर वारा सुरू झाला. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून येतो आणि पुणे-सोलापूर रस्ता आग्नेयेला जातो, म्हणजे वारा तोंडावर. चढ असला की तो निदान दिसतो, संपतोही. समोरचा वारा दिसत नाही आणि आपण मात्र तोच वेग टिकवायच्या नादात पाय जाळत बसतो.

तर गेल्या वर्षी मी बारा आठवडे तयारी केली. शाळेत शिकवते, त्यामुळे वेळ पहाटेचाच. मंगळवार आणि गुरुवारी एकेक तास, रविवारी लांब राइड. रविवारचे आकडे साधारण असे होते: ४०, ४५, ५५, ६५, मग मुद्दाम ५०, मग ७५, ९०, १००, पुन्हा ७०, ११५, १४०, आणि शेवटच्या रविवारी फक्त ४०. दर चार-पाच आठवड्यांनी उतरलेले ते आकडे सोडायचे नाहीत, शरीर भरून येतं ते त्याच आठवड्यात. आणि २०० करण्यासाठी आधी २०० करून बघावे लागत नाहीत. १३०-१४० नीट झाले, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा कुरकुरला नाही, की पुरे.

वेगाचं मोजमाप म्हणून मी बोलण्याचा उपाय वापरला. चालवताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की एक गिअर हलका करायचा. पेडल मिनिटाला ८०च्या आसपास फिरत राहिलं पाहिजे. जड गिअरवर सावकाश ढकलत राहिलं की भार गुडघ्यावर येतो. चढासाठी दोन रविवार दिवे घाटातून सासवड आणि पुढे जेजुरी केली. पंढरपूरच्या रस्त्याला घाट नाही, पण दिवे घाटात आपोआप कळतं की हलका गिअर आधीच टाकायचा असतो, पाय भरल्यावर नाही.

आता मुख्य गोष्ट, थकल्यानंतरचा तास. दर रविवारी एक क्षण असा यायचा की आता बस, घरी जाऊ या. त्या क्षणी मी घड्याळात एक तास लावायची. त्या तासात अंतर आणि वेग बघायचे नाहीत. क्रम ठरलेला: आधी खा. मग चार-पाच घोट पाणी. मग एक गिअर हलका. मग अंगभर एक फेरी, म्हणजे जबडा आवळलाय का, खांदे कानापर्यंत चढलेत का, हँडल मुठीत दाबून धरलंय का, पायाची बोटं बुटात वळवून ठेवली आहेत का. दरवेळी यातलं काहीतरी आवळलेलं सापडायचंच. ते सोडायचं. आणि वीस मिनिटं जाईपर्यंत 'पुढे जायचं की नाही' हा प्रश्न मनात घ्यायचाच नाही. केळं किंवा लाडू खाल्ल्यावर वीसेक मिनिटांत मनाचं आभाळ कसं बदलतं हे मी दहा-अकरा रविवार स्वतः पाहिलं. नुसतं वाचून यावर विश्वास बसत नाही. अंगावरून गेलं की बसतो.

हे एकटीने करायचं. चार जण असले की आपण त्यांच्या गप्पांवर तरंगत जातो, स्वतःची थकण्याची रीत कळत नाही. मला कळलं की मी साधारण साडेतीन तासांनी एकदा कोलमडते आणि त्यानंतर दोन तास छान जातात. हे माहीत असल्यामुळे प्रत्यक्ष राइडमध्ये कुरकुंभच्या पुढे जेव्हा मन बसलं, तेव्हा घाबरले नाही.

खाण्याचं गणित: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. मी घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावला होता आणि गजर झाला की भूक असो-नसो खायचं. हँडलच्या पिशवीत गूळपोळीचे चतकोर, राजगिऱ्याचे छोटे लाडू, खजूर आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे. गूळपोळी थंडीत कडक होत नाही आणि एका हाताने खाता येते. चिक्की मला चालली नाही, धावत्या सायकलवर चावताना घसा कोरडा पडतो. राइडच्या दिवशी नवीन काहीही पोटात घालू नका. जे खायचं ते आधी तीन-चार रविवारी खाऊन बघा.

पाणी तासाला अर्धा लिटर, ऊन चढलं की पाऊण. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट एक लिटरसाठी असतं, ते घरी एक लिटरमध्येच कालवायचं आणि मग बाटलीत भरायचं. अंदाजाने अर्धं पाकीट बाटलीत टाकलं की ते एकतर दाट होतं नाहीतर पातळ. आणि घाम गाळून नुसतंच साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं आहे, रक्तातलं मीठ उतरतं.

सायकलबद्दल थोडक्यात. माझी साधी हायब्रिड आहे, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली, ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर. महागडी सायकल लागत नाही, पण सीटची उंची बरोबर लागते. मी घेतली तेव्हा दुकानात त्यांनी दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट बसवून दिली होती. त्यावर मी आठ महिने चालवली आणि गुडघ्याच्या वाटीपुढे दुखणं लावून घेतलं. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पेडलवर असतो, म्हणजे गुडघ्यात थोडा बाक राहतो. ढोबळमानाने, गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका.

प्रत्यक्ष दिवस: साडेचारला निघाले. तोंडाने वाक्य म्हणत म्हणत यवतपर्यंत २० च्या वर गेले नाही, मागून येणारे दोन सायकलवाले मला टाकून पुढे गेले तेव्हा जीव कासावीस झाला पण धरून राहिले. पाटसच्या अलीकडे उजाडलं. भिगवण म्हणजे जवळजवळ निम्मं, तिथे पावणेदहा. पळसदेवला तो बाक दिसला. थांबले नाही, पण गजर व्हायला सात मिनिटं होती तरी एक चतकोर तोंडात टाकला. इंदापूर बाराला, तिथे दहीभात. टेंभुर्णीला वळल्यावर उन्हाने आणि वाऱ्याने खरं हाल झाले, करकंबच्या अलीकडे अर्धा तास लिंबाखाली पडून होते. सायकलच्या मीटरवर एकूण अंतर दिसतं तिथे निघतानाच कागदी पट्टी चिकटवली होती, त्यामुळे 'अजून एवढे' दिसायचंच नाही. फक्त पुढचं गाव. पाच वाजून दहा मिनिटांनी पूल ओलांडला. पट्टी काढली तेव्हा २०३ होते.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल तेवढं सांगेन.

---

खडीसाखर

ताई, केळं सोलता येत नव्हतं हे वाचून अंगावर काटा आला. मागच्या महिन्यात लोणावळ्याहून परत येताना माझं अगदी हेच झालं होतं, सोमाटण्याला फुटपाथवर बसून रडले आणि नवऱ्याला फोन केला. त्याला वाटलं अपघातच झाला.

वय ३८, आतापर्यंत सगळ्यात लांब ७०. फेब्रुवारीत २०० करायचं मनात आहे. माझ्या तीन अडचणी. एक, अंधारात एकटीने निघायची भीती. दोन, स्वच्छतागृह. मी अडचण नको म्हणून पाणीच कमी पिते, हे चूक आहे हे कळतं. तीन, तारखा नेमक्या राइडच्या आसपास आल्या तर?

---

मुळामुठा

@खडीसाखर, तुमच्या तिन्ही अडचणी माझ्याही होत्या.

पाणी कमी पिण्याची सवय आधी सोडवा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. मी तयारीच्या काळात एक रविवार फक्त यासाठी काढला. हडपसर ते पाटस जाऊन आले आणि प्रत्येक पेट्रोल पंपावर थांबून स्वच्छतागृह बघितलं. कुठलं उघडं असतं, कुठे कडी आहे, कुठे किल्ली मागावी लागते, ते वहीत लिहिलं. मोठ्या पंपांवर आणि कुटुंबं थांबतात अशा हॉटेलांत अडचण येत नाही. सोलापूर रस्त्यावर दर दहा-बारा किलोमीटरला काही ना काही आहे. यादी खिशात असली की घोट घेताना मन मागे ओढत नाही.

तारखांचं म्हणाल तर माझा १०० चा रविवार पाळीच्या दुसऱ्या दिवशी आला होता. तोही तयारीचाच भाग धरला. मी मेन्स्ट्रुअल कप वापरते, सायकलच्या सीटवर पॅड घासून फार त्रास होतो. पण कप राइडच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका, दोन-तीन महिने आधी सवय करा. पोट फार दुखणाऱ्यांनी तारीख पुढे ढकलावी, रस्ता कुठे जात नाही. पॅडिंगच्या शॉर्टखाली आतलं काही घालायचं नाही आणि घासतं तिथे व्हॅसलिन भरपूर लावायचं. हे पहिल्या वर्षी मला कुणीच सांगितलं नव्हतं.

अंधाराची भीती योग्यच आहे, ती घालवायची गरज नाही. उजाडेपर्यंत सोबत घ्या. माझ्याबरोबर माझा भाऊ मोटारसायकलवरून यवतपर्यंत मागे होता. मागचा लाल दिवा एक नव्हे, दोन. पुढचा दिवा खड्डा दिसेल असा, आणि रिफ्लेक्टर जॅकेट.

---

तेलपाणी

उत्तम धागा. एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो: पंक्चर.

हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरचे तुकडे पडलेले असतात, त्यातल्या केसासारख्या बारीक तारा आपल्या टायरमध्ये घुसतात. लोक काय करतात, ट्यूब बदलतात आणि लगेच निघतात. तार टायरमध्येच असते. दोन किलोमीटरवर दुसरी ट्यूबही पंक्चर होते. मग धीर सुटतो. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा मोजा फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार. बोटाने चाचपू नका, कापतं. तार उपटायला नेलकटर उत्तम.

घरी मागचं चाक किमान पाच वेळा काढून-घालून बघा. मागचं, कारण चेन आणि गिअरमुळे तेच अवघड जातं. पाचवी वेळ दिवे बंद करून. पहिल्यांदा मला चाळीस मिनिटं लागली होती, आता बारा लागतात. सोबत दोन ट्यूब, पॅचकिट, टायर उचकटायचे तीन लीव्हर, पंप, अॅलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच. हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेतच. राइडच्या आदल्या आठवड्यात नवीन टायर, नवीन सीट, नवीन बूट काहीही बसवू नये. सर्व्हिसिंग करायचं तर दहा दिवस आधी, म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर त्या रविवारी कळतं.

---

मुळामुठा

तेलपाणी दादा, मोज्याचं फार उपयोगी आहे. मूळ लेखात घालायला हवं होतं. आणि यात मनाची तयारी पण आहेच. पंक्चर काढता येतं हे माहीत असलं की प्रत्येक खडखडाटाला पोटात गोळा येत नाही.

---

भीमाकाठ

मी माढा तालुक्यातला. तुम्ही ज्या रस्त्याने गेलात तो आमचा रोजचा. बाहेरून येणाऱ्यांना एक सांगणं आहे, कळकळीने.

नोव्हेंबर ते मार्च इकडे ऊसतोड चालू असते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागं बऱ्याचदा लाइट नसतो. दिवसासुद्धा ओव्हरटेक करताना पहिल्या ट्रॉलीपुढे दुसरी आहे हे सायकलवाल्याच्या ध्यानात येत नाही, मधेच अडकतो. ट्रॉली चढावर कधी कधी मागंही येते. तिच्या मागं चिकटून वारा चुकवायचा मोह अजिबात करू नका. टेंभुर्णीनंतर पंढरपूरकडचा रस्ता तर कारखान्यांच्या पट्ट्यातलाच आहे. सूर्य मावळल्यावर त्या रस्त्याला सायकल नकोच. अंधार पडायच्या आत पोचत नसाल तर टेंभुर्णीत मुक्काम करा, लॉज आहेत.

आणि आषाढात यायचं ठरवलंत तर वारा पाठीशी असतो, पश्चिमेचा. सायकल आपोआप पळते. पण पालखीच्या दिवसांत रस्त्यांवर माणसं चालत असतात, वाहतूकही वळवलेली असते, ते बघून तारीख धरा. वारकऱ्यांच्या मधून घंटी वाजवत जाऊ नये, उतरून चालावं.

---

मुळामुठा

@भीमाकाठ, मनापासून आभार. दोन ट्रॉल्यांच्या मधे मी खरंच अडकले होते, करकंबच्या अलीकडे, आणि लिंबाखाली पडून राहण्याचं निम्मं कारण तेच होतं. हात थांबत नव्हते. वर लिहायला हवं होतं. सगळ्यांनी हे वाचाच.

---

आडवाट

थोडं वेगळं मत मांडतो. पहिल्याच लांब राइडला एका दिवसात २०० हवेतच कशाला? मी पहिल्यांदा दोन दिवसांत केलं. पहिल्या दिवशी भिगवण, संध्याकाळी उजनीच्या पाण्यावर पक्षी बघितले, मासे खाल्ले, झोपलो, दुसऱ्या दिवशी उरलेलं. त्याचा फायदा असा की थकल्या अंगाने दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटवर बसणं काय असतं ते कळतं, आणि लडाख किंवा कोकण असल्या अनेक दिवसांच्या राइडला तेच लागतं. एका दिवसाच्या आकड्यामागे लागून गुडघे घालवलेले दोन मित्र माझ्या समोर आहेत.

---

मुळामुठा

तुमचं म्हणणं पटतं, अर्धं. ज्यांना पुढे अनेक दिवसांची राइड करायची आहे त्यांनी दोन दिवसांचीच करावी, ती तयारी वेगळी आणि मला तिचा अनुभव नाही. माझ्या बाबतीत ते पळसदेव मनात रुतून बसलं होतं, म्हणून एकाच दिवसात तिथून पुढे जायचं होतं. पण गुडघ्याबद्दल शंभर टक्के सहमत. 'वीस मिनिटं थांब, मग ठरव' हा माझा नियम फक्त मनाच्या थकव्यासाठी आहे. काही गोष्टींत वीस मिनिटंसुद्धा थांबायचं नाही: सांध्यात टोचणारी, वाढत जाणारी कळ, छातीत दडपण, उन्हात अंग तापलेलं असून भोवळ येणं, हाताची करंगळी आणि शेजारचं बोट उतरून हलवल्यावरही बधिर राहणं, मागचा दिवा बंद पडणं. यातलं काहीही झालं की राइड तिथे संपली. हे मी आदल्या रात्री कागदावर लिहून नवऱ्याला दिलं होतं. त्याने फोनवर विचारायचं ते फक्त त्या यादीतलं, 'दमलीस का' असं विचारायचं नाही.

---

सांजसकाळ

नमस्कार. वय ५८, सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू आहेत. रोज २० किमी सायकल चालवतो. मलाही एकदा १०० तरी करायची इच्छा आहे. तुम्ही सांगितलेलं गूळपोळीचं वगैरे मला कसं जमणार?

---

मुळामुठा

काका, नमस्कार. रोज २० हा फार भक्कम पाया आहे. पण तुमच्या खाण्याबद्दल मी काही सांगणं बरोबर नाही. आधी डॉक्टरांकडे जा आणि त्यांना 'सायकल चालवू का' एवढंच न विचारता पूर्ण सांगा: इतके तास चालवणार, सोबत हे खाणार, या गोळ्या चालू आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी व्यायामात साखर फार उतरू शकते, काहींनी सहसा नाही. त्यामुळे तुमची गोळी कोणती यावर सगळं ठरतं. शिवाय लांब व्यायामानंतर साखर त्या रात्रीसुद्धा उतरू शकते, तेही विचारून घ्या. वयाचा विचार करता हृदयाची तपासणीही करून घ्यावी असं मला वाटतं. राइडला ग्लुकोमीटर, ग्लुकोजची पूड आणि सोबत एक माहितगार माणूस पाहिजेच. वेळ लागला तरी चालेल. करून आलात की इथे नक्की लिहा, मी वाट बघेन.

---

तेलपाणी

कुणीतरी विचारेलच म्हणून बीआरएमबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडबद्दल, लिहून ठेवतो. २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी नोंद द्यायची. ही चारही एकाच हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबरमध्ये पूर्ण केली की सुपर रॅन्दोनर म्हणतात. मान्यता पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पारिझिएनची. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो, मदतीची गाडीही सोबत घेता येत नाही. मुळामुठा ताईंची वेळ बघितली तर त्या २०० च्या वेळेत सहज बसतात.

---

मुळामुठा

बारा तास चाळीस मिनिटं, हो. एकदा करायचा विचार आहे.

---

खडीसाखर

तीन आठवड्यांनी परत आले. काल रविवार होता. निगडीहून कामशेतच्या पुढे जाऊन परत, एकटी, ८२ किमी. परतीला वडगावजवळ तो क्षण आला, घरी जाऊ या, पुढच्या वेळी बघू. घड्याळात एक तास लावला. खजूर तीन, पाणी, गिअर हलका. जबडा एवढा आवळला होता की तोंड उघडताना कट्ट असा आवाज आला. मग खांदे सोडले. सुरुवातीची दहा मिनिटं काहीच फरक नव्हता, मी मनात तुम्हाला खोटं ठरवत होते. नंतर कधीतरी लक्षात आलं की मी शेतातल्या बगळ्यांकडे बघतेय. सोमाटणं आलं, गेलं, थांबले नाही.

एक शंका आहे. शेवटचे दहा किलोमीटर पुन्हा जड गेले. पाय एकदम रिकामे झाल्यासारखे. असं का?

---

मुळामुठा

वा! सोमाटणं थांबल्याशिवाय गेलं हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या दहांबद्दल आधी एक सांगा. ते खजूर खाल्ल्यानंतर परत किती वाजता खाल्लंत?

---

खडीसाखर

नाही खाल्लं. बरं वाटत होतं म्हणून राहून गेलं.

येत्या रविवारी ९०. गजर आत्ताच लावून ठेवते, दर अर्ध्या तासाचा.